मुंबई म्हणालो खरा

मंगळवार, संध्याकाळ. लिस्बन.

जिचे फोटो सगळ्या शहरात लागलेत, ती पियानोवाली बाई आज आमच्या हॉलात गुडघ्यावर बसून स्वतःच स्टुलाचा स्क्रू आवळत होती. मी खुर्च्या लावत होतो. तिनं विचारलं, "तू कुठला?"

मी नेहमीसारखं मुंबई म्हणालो. विमान धरलं तेवढीच माझी मुंबई.

तिलाही विचारलं. बाप पोर्तुगालचा, आई जर्मनीची. दोन्ही देश तिला आपली म्हणतात. पण तिनं दोन खेडीच सांगितली. बापाच्या गावात मासे खारवतात, आईच्या गावात बटाटे पिकतात. एवढी मोठी बाई खेडं सांगते, अन् मी कशाला लाजतो?

सोबतचा नीलेश सावेडीचा, आमच्याच जिल्ह्यातला. म्हणाला, "वा रं मुंबईकर. श्रीगोंदा तिला नकाशात तरी घावंल का?"

पण खुर्च्या सरळ लागेनात. गुडघ्यावर बसलेली तीच दिसायची. शेवटी गेलो. ती आता पियानो वाजवून बघत होती. "बाई, मघाशी खोटं बोललो. मी श्रीगोंद्याचा."

"तिथं काय पिकतं?"

"ऊस."

कारखाना चालू असला की गावभर कसला वास सुटतो, ते सांगायला गेलो अन् पोर्तुगीज शब्द संपले.

"तुझ्या भाषेत सांग," ती म्हणाली.

मग मराठीतच सांगितलं. वाजवायचं सोडून ती ऐकत बसली.