तोकपाचा एक बूट

मन्रोव्हिया, २० मे २००३

चि. नोवाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. तिकडे निर्वासितांच्या छावणीत लोकांच्या वेण्या घालून तुझं बरं चाललंय हे वाचून जीव भांड्यात पडला.

मी सध्या मासे विकत नाही, मासळीबाजारासमोरच्या मैदानात बसते. आम्ही शेकडो बायका, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. ना कानात, ना गळ्यात, ना ओठाला रंग. तुला तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं! मागणं एकच, लढाई थांबवा. ऊन असो की पाऊस, हलायचं नाही. साबण मिळत नाही आणि कपडे पांढरे ठेवायचे, ही आमची वेगळीच लढाई.

शेजारी कोण बसतं ओळख. हवा कमारा! बाजारातल्या जागेवरून दहा वर्षं जिच्याशी माझी रोजची जुंपायची, तीच. आता ती नमाज पढते तेव्हा मी तिच्या चपला सांभाळते, मी प्रार्थना करते तेव्हा ती माझ्यावर छत्री धरते. बाकी वेळ भांडण चालूच असतं.

एकच सल आहे. तोकपा बंडखोरांत गेला हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांत पोराचं एक अक्षर नाही. मुलगा कुठे असतो असं हवा विचारते, मी म्हणते गिनीत, धंद्यात. शांतता मागायला बसायचं आणि खोटं बोलायचं, लाज वाटते गं. पण खरं सांगितलं तर माझ्याजवळ कोण बसेल?

लोभ आहेच, पत्रं तेवढी येऊ देत.
तुझी कोरपो

अक्रा, २८ जून २००३

ती. कोरपोताईस सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. तोकपा सापडला! जिवंत आहे, चांगला गुटगुटीत आहे. इथे मोठ्या हॉटेलात तहाची बोलणी चालली आहेत ना, तिथे बंडखोरांच्या बाजूने आलाय. आम्ही छावणीतल्या बायकाही रोज बसने जाऊन त्या हॉटेलाच्या दारात बसतो, पांढरे कपडे घालून. हो, ओठ न रंगवता. आरशात मीच मला ओळखलं नाही.

परवा तो दिसला. कोट, टाय, पोट आणि चकचकीत काळे बूट. मी हाक मारली तर खांबाआड लपला. लहानपणी भात चोरून खाल्ला की लपायचा तसाच, फक्त आता निम्मा बाहेर राहतो.

आत काय चाललंय म्हणशील तर कोंबडी खाणं आणि पुढच्या सरकारात कुणाला कुठलं खातं यावर वाद. शेवटी मी त्याला जिन्यात गाठलं. म्हणाला, मावशी, राजकारण तुला कळायचं नाही. ज्याचं नाक मी पुसलं तो मला शिकवतो! काय करू ते लगेच कळव.

माया अशीच राहू दे.
तुझी नोवाई

मन्रोव्हिया, १२ जुलै २००३

चि. नोवाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग परत वाचलं.

इकडे वाईट झालं. बंडखोरांच्या बाजूने आलेला गोळा हवाच्या घरावर पडला. ती माझ्यासोबत मैदानात होती म्हणून वाचली, पण घर गेलं. मी तिला माझ्याकडे आणलं. त्या संध्याकाळी माझ्याच्याने राहवेना, तोकपाचं सगळं सांगून टाकलं. तिने चटई उचलून पलीकडच्या भिंतीशी नेली. मैदानात अजून शेजारी बसते, पण आठ दिवसांत माझ्याशी एकदाही भांडलेली नाही. नोवाई, मला ते सहन होत नाही.

राजकारण कळत नाही ना, मग पाय धर. माझ्या नावाने धर. थोरल्यांनी पाय धरले की त्यांचं ऐकल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही, एवढं तो विसरला नसेल. आणि हवाच्या घराचं त्याला सांग.

हे पत्र मिळेल त्याच्या हाती पाठवते आहे. जपून राहा.
तुझी कोरपो

अक्रा, २४ जुलै २००३

ती. कोरपोताईस सा. न. वि. वि.

धरला! परवा आम्ही सगळ्या बायका हातात हात गुंफून सभागृहाच्या दाराशी बसलो. तह केल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. आमचे साहेब स्वयंपाकघराच्या दाराने सटकायला निघाले. पण ज्याने लहानपणी भाताचं भांडं पळवलं तो कुठल्या दाराने जाणार हे मला ठाऊक होतं. मी तिथेच दबा धरून होते.

तो बाहेर आला, मी गुडघ्यावर बसले आणि उजवा पाय दोन्ही हातांनी धरला. सोड मावशी, लोक बघतायत, म्हणतो. मी म्हटलं, बघू देत, त्यासाठीच बसलोय. तो ओढतोय, मी धरलंय. तेवढ्यात बूटच माझ्या हातात आला आणि मी पडले पाठीवर! आचारी हसायला लागले. पडल्या पडल्याच मी त्याला हवाच्या घराचं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. त्याने एवढंच विचारलं, ती आता कुठे झोपते? मी म्हटलं, तुझ्या आईकडे. मग तो वळला आणि एका बुटावर तसाच आत बोलणी करायला गेला.

बूट सोबत पाठवते आहे. दुसरा त्याला स्वतः घेऊन येऊ दे.

ढोपर सोलवटलंय, बाकी मजेत. आठवण ठेव.
तुझी नोवाई

मन्रोव्हिया, ५ ऑक्टोबर २००३

चि. नोवाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तहावर सह्या झाल्या तेव्हा आम्ही मैदानात इतक्या नाचलो की माझी कंबर अजून दुखते आहे.

गेल्या आठवड्यात तोकपा आला. पायात रबरी चपला, पिशवीत एक बूट. दारातच माझे पाय धरायला वाकला. मी पाय मागे घेतले आणि म्हटलं, माझे नाही. हवा मागच्या अंगणात कसाव्याची पानं चिरत होती. त्याने जाऊन तिचे पाय धरले. ती चिरतच राहिली. अख्खी जुडी संपली तरी तो तसाच. शेवटी म्हणाली, पाय सोड, आधी घर उभं कर, मग बघू.

तेव्हापासून तो रोज भिंती बांधतोय. पोट बरंच उतरलंय. हवा खाली उभी राहून चुका काढते, पण बोलते त्याच्याशीच. माझ्याशी मात्र तशीच गप्प.

आज बाजार पुन्हा उघडला. मी माझी टोपली मांडते न मांडते तोच मागून आवाज आला, ए कोरपो, उचल ते, ती जागा माझी आहे! नोवाई, मला तिथेच रडू फुटलं. डोळे पुसले आणि दुपारपर्यंत तिच्याशी कडकडून भांडले.

तू आता घरी ये. उरलेला लोभ समोरासमोर.
तुझी कोरपो