फुंकलेली सालं

मंगळवार संध्याकाळ, काळेवाडी

आज चाकणला कंपनीच्या गेटवर युनियनच्या सभेत कामगारांच्या वतीने घसा फोडून बोललो. कॅन्टीनमध्ये चहासोबत तळलेलं फरसाण बंद करा, भाजलेले शेंगदाणे द्या. दाण्यात चोथा असतो, त्याने पोट साफ राहतं. आणि बोलता बोलता माझे हात काय करत होते? दाणे चोळून सालं फुंकत होते!

वेल्डिंगचा बबन ओरडला, "राव, चोथा तर तुम्हीच उडवला की!" सगळे हसले. मॅनेजरसुद्धा.

ती सालं अजून डोळ्यांसमोर उडताहेत. पण त्याच बबनला दोन-दोन दिवस परसाकडे होत नाही, हे लाजेपायी तो फक्त मला सांगतो. एका हशापायी मागणी सोडू? छे! उद्या मॅनेजरच्या केबिनमध्ये सालासकट दाणे चावत बोलेन. हसायचं तर हसू दे. होकार मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.