खाऱ्या विहिरीची सातवी पायरी

मळा, कोपरगाव
२२ जानेवारी १९९७

ती. जयाअक्कास,
धाकट्या सहादूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझं दोन महिन्यांत पत्र नाही, म्हणजे तू तरी रुसलीस किंवा दाजींनी पोस्टाची तिकिटं लपवली.

बातमी अशी की मी पुन्हा खरबूज लावलं. उसाला पाणी पाजून पाजून जमीन पांढरी झाली, विहीर खारी झाली, तेव्हा त्याच पाण्यावर खरबूज घ्यायची युक्ती आईचीच. ती गेल्यापासून पट्टी पडीक होती. परवा तुझ्या भावजयीला, सीमाला, उतरंडीत आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं बी सापडलं, मग राहवलं नाही. आईनं शिकवलं तसंच केलंय. बी वरंब्याच्या माथ्यावर नाही, बगलेला, कारण खार चढून माथ्यावर बसतो. वेल मूळ धरेपर्यंत पाटाचं गोडं पाणी, तेही घागरीनं. सीमा घागरी वाहते आणि मला शिव्या देते. पुढं विहिरीचं पाणी, आईसारखंच रोज खार चाखून.

आता एक सांगतो, हसू नकोस. विहीर खाली गेली की पायऱ्यांवर मिठाची पांढरी साय धरते, तुला माहीत आहे. यंदा सगळ्या पायऱ्या पांढऱ्या आहेत, फक्त सातवीवर पावलाएवढी जागा काळी आणि ओली राहते. उजवं पाऊल. मी दोनदा घासली, राख टाकली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा तशीच. सीमानंही पाहिलंय, पण ती तोंड फिरवते. आपल्या घरात भूतखेत कधी मानलं नाही, म्हणून हे कुणाला सांगायचीही चोरी.

पहिल्या तोडीला तू ये. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी गेलीस, ती पुन्हा आलीच नाहीस. दाजींना जयभीम, मोनिकाला पापा.

ओलावा आटू देऊ नकोस.
तुझा, सहादू


घोडेगाव
९ फेब्रुवारी १९९७

चि. सहादूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तिकिटं दाजींनी लपवली नव्हती, मीच आळशी. खरबुजाचं वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली.

पायरीचं मनावर घेऊ नकोस. दगडात कुठं पाझर असेल. आईला कळलं असतं तर तिनं तुला वहाणेनं हाणलं असतं. मात्र तू पायऱ्या उतरू नकोस. चाखायचं पाणी दोरी-बादलीनं वर काढ. त्याहून बरं म्हणजे बाटली भरून शेतकी खात्याच्या माणसाकडं दे. त्यांच्याकडं खार मोजायचं यंत्र असतं म्हणे. माणसाच्या जिभेवर पीक सोडू नये. ऐक माझं.

मला येणं जमणार नाही. मोनिकाची दहावी आहे, शिवाय गुडघे दुखतात. इकडं दाजींची तक्रार एकच, की माझ्या हातची भाजी खारट होते. मी मीठ घालते, विसरते, पुन्हा घालते. दोन वर्षं झाली, हेच चाललंय. परवा त्यांनी मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं, तेव्हा मीच हसले आणि मग उगाच रडले.

सीमाला म्हणावं, घागरी मोजून वाहा, कंबर एकच असते.

आठवण ठेव, माया आहेच.
तुझी अक्का, जयमाला


मळा, कोपरगाव
१२ मार्च १९९७

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वेल पसरले, फुलं गळून बोराएवढी फळं धरली. बाटली मी दिली नाही. रोज सकाळी सात पायऱ्या उतरतो, ओंजळभर पाणी तोंडात घोळवतो, थुंकतो आणि ठरवतो. आई करायची तसंच. तिचं ऐकायला आपण काठावर उभे असायचो. ती खालूनच ओरडायची, आज पानी जड हाय, पाटाचं मिसळ. किंवा, आज चालंल, सोड बिनघोर. आता खालून काही ऐकू येत नाही, तरी मी क्षणभर थांबतो. उतरताना त्या ओल्या जागेवर पाय पडू नये म्हणून अंग चोरतो.

अक्का, एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. आईला चक्कर आली असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं. ती गेली त्या एप्रिलमध्ये आई चार दिवस सांगत होती, पाणी चालंल. मी सोडत गेलो. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, सगळी पट्टी जळाली. मी सीमादेखत तिला म्हणालो, तुझी जीभच खोटी हाय, आता कुनाला फसवतीस. तिनं पदर खोचला आणि पुन्हा चाखायला निघाली. मी अडवलं नाही. उतरते तर उतरू दे, म्हणून पाठ फिरवली. सातव्या पायरीवरून घसरून खाली गेली. मला आवाज आला तो पाण्याचा. तिचा नाही.

हे वाचून तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी मला बोलायला जागा नाही. पण आई दरवर्षी पहिलं फळ तुला धाडायची, ते मी धाडणार. घे किंवा गुरांना घाल.

तुझा रागही मी आपलाच मानतो.
सहादू


घोडेगाव
१८ एप्रिल १९९७

चि. सहादूस,
आशीर्वाद.

तुझ्या शेजारचा भिमाजी गाय घ्यायला इथल्या बाजाराला आला, त्याच्याकडून खरबूज पोचलं. एवढंसं, दोन मुठींचं. दिवसभर ते फडताळात होतं आणि मी घरात पाहुणा असावा तशी हळू चालत होते. तुझं पत्र महिनाभर उशाखाली आहे. उत्तर लिहिलं नाही ते रागानं नाही. माझी लिहायची छाती नव्हती.

आईच्या जिभेला चव नव्हती, सहादू. त्र्याण्णवच्या दिवाळीत ताप आला, त्यात गेली. मीठ, गूळ, मिरची, सगळं तिला एकच. ती इथं आली होती तेव्हा मी चहात चुकून मीठ घातलं आणि ती कप संपवून छान झालाय म्हणाली. तेव्हा मला कळलं. तिनं माझा हात धरून सांगितलं, सहादूला बोलू नको. त्याला कळलं तर मला हिरीवर येऊ देनार न्हाई, मग मी त्या मळ्यात कशाला. पाणी तोंडात घ्यायची ते तुम्हाला दाखवायला. ठरवायची ती पायरीवरची पांढरी रेघ किती खाली गेली ते पाहून. एक वर्ष तिचं बरोबर आलं. पुढच्या वर्षी चुकलं.

मी एक कार्ड टाकलं असतं तर तू तिच्या शब्दावर पाणी सोडलं नसतंस, पट्टी जळाली नसती, आणि ते वाक्य तुझ्या तोंडून गेलं नसतं. मातीला आले तेव्हा तुझ्याकडं बघवेना, म्हणून पळाले. गुडघे माझे ठणठणीत आहेत. तू पायरीचं लिहिलंस तेव्हा मला आईची भीती वाटली नाही. मला वाटलं, ते पाऊल माझंच.

काल संध्याकाळी फळ कापलं. दाजींनी आठवणीनं बरणी लांब ठेवली. पहिली फोड तोंडात घातली आणि घाबरले, इतकं गोड होतं. बी धुऊन वाळत घातलंय.

तू तिला बोललास, ते बोललास. मी बोलले नाही, ते माझं. यातलं कमीजास्त करायला आता ती नाही. मी रविवारच्या पहिल्या गाडीनं येते. सकाळी तू आणि मी विहिरीत उतरू, पाणी मी चाखेन, तू माझा हात धर. त्या दिवशी आईकडं फिरवलीस तशी पाठ फिरवू नकोस.

आणि ती जागा आता घासू नकोस. आईला तिथं उभं राहायचं असेल तर राहू दे. आपण ती पायरी सोडून उतरू.

येते.
तुझी अक्का