पाण्यावरचा पाठ

मंगळवार, ८ जानेवारी १९९१

आज पाठ नीट ऐकू आला. पहिल्यांदाच.

क्वार्टरमध्ये रेडिओ लावला की नुसती गुरगुर. येलदरी धरणाच्या पॉवरहाऊसच्या तारा अगदी डोक्यावरून जातात. नागनाथ म्हणतो, "तारांखाली दुसरं काय ऐकू येणार?" तो तिथंच हेल्पर आहे, त्याचं नवरा म्हणून काय आणि हेल्पर म्हणून काय, एकच उत्तर. मुक्त विद्यापीठात नाव घातल्यापासून मी त्या गुरगुरीतूनच शब्द वेचत बसते. पूर्वतयारीची परीक्षा पास झाले तर बी.ए. करता येईल. नाहीतर आहेच — सुया, डोस, रिपोर्ट.

आज लसीकरणाला धरणापलीकडच्या गावात जायचं होतं. सटवाजीच्या नावेत सहज ट्रान्झिस्टर लावला. मधोमध पोचलो आणि आवाज असा स्वच्छ आला, जणू बाई समोर बसून शिकवायलीय. पण इंजिनाची धडधड मधी. सटवाजीला म्हटलं, जरा बंद करता का? त्यानं केलं. नाव तशीच पाण्यावर हलत राहिली. पाठ संपेपर्यंत.

उतरताना सटवाजी म्हणाला, "इंजिनालाबी इसावा झाला, बाई."

शुक्रवार, ११ जानेवारी

गणित. टक्केवारी. मधेच मला पेंग आली. जागी झाले तर गाणी लागलेली, आणि सटवाजी इंजिन न लावता तसाच बसलेला. "झोपल्यावानी दिसलात, म्हणून थांबलो," म्हणाला.

पाय सुजलेत. गावात बरीच दारं आज उघडलीच नाहीत. पुन्हा जायचं.

शुक्रवार, १८ जानेवारी

नावेत दिनकरराव होते. पलीकडचं निम्मं शिवार त्यांचं. पाठ सुरू झाला तसे म्हणाले, "नर्सबाई, तिकडं इराकवर बॉम्ब पडायलेत, आन तुमी हे काय लावून बसलात? बातम्या लावा." लावल्या. पाठ गेला.

त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलते. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत याच गावात आमच्या वस्तीची घरं जळाली. माझं माहेर त्यातच. दिनकरराव तेव्हा त्यांच्या ओट्यावर उभे होते. हातात काही नव्हतं. नुसते उभे राहून बघत होते. आईबाबा जिंतूरला आले ते परत गेलेच नाहीत. माझी बारावी तिथंच तुटली, नर्सिंगला गेले — लवकर पगार चालू होतो म्हणून.

आता त्याच गावच्या लेकरांना मी डोस पाजते. लेकरांचा काय दोष. पण थकायला होतं, एवढं खरं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज दिनकररावांची सून नावेत होती. चतुराबाई. तीन मुलींची आई, वय माझ्याहून बरंच कमी. डोक्यावरचा पदर ओढून मागच्या फळीवर बसली होती. पाठ चालू झाल्यावर हळूहळू पुढं सरकली. शेवटी अगदी माझ्या गुडघ्याजवळ.

उतरताना एवढंच विचारलं, "आता पुढचं कधी सांगणार त्या बाई?"

म्हटलं, शुक्रवारी.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

चतुराबाई आजही आली. घरी सांगायला गेल्या वेळी बांगड्या भरायच्या होत्या, त्याआधी देवाला नारळ. आज दाढ दुखतेय. दाढ कोणती ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, १ मार्च

संपलं.

आज किनाऱ्यावरच दिनकररावांनी सटवाजीला गाठलं. सगळ्यांसमोर. "नर्सबाईच्या शाळेपायी आमी पाण्यात बसून ऱ्हायचं का? हितून पुढं नाव मधी थांबली तर तुझी नाव ह्या काठाला लागणार न्हाई." सटवाजी नुसता "व्हय मालक, व्हय मालक" करत राहिला. त्याचं तरी काय चुकलं? पोट नावेवर चालतं.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

मंगळवार, १२ मार्च

नाव सरळ गेली. इंजिन सरळ धडधडलं. ट्रान्झिस्टर घरीच ठेवला होता.

संध्याकाळी नागनाथला म्हटलं, सोडून द्यावं वाटायलंय. तो म्हणाला, "दे सोडून. झोप तरी होईल तुझी." प्रेमानंच म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दिनकररावांच्या घरी धाकट्या नातीचा डोस राहिला होता. मला तिथं जायचं जिवावर येतं, पण गेले. चतुराबाई परातीत पीठ मळत होती. सासू मागच्या दारी. लेकराला डोस पाजला, कार्डावर लिहायला लागले, तर ती खाली मान घालूनच म्हणाली, "बाई, मंगळवारी सरासरी शिकवली."

मला आधी कळेचना.

"आमच्या घरी मोठा रेडू हाय. मामंजीच्या खाटंजवळ. मामंजी शेतात गेले की लावते. हितं तारा न्हाईत, लय साफ येतंय." मग परातीतल्या कोरड्या पिठावर बोटानं आकडे काढले आणि सांगायला लागली. सगळ्याची बेरीज करायची, मग जितके आकडे तितक्यानं भागायचं. एका ठिकाणी अडली. "हितून पुढं सासूबाईनं हाक मारली. राह्यलं ते."

ते राहिलेलं मी सांगितलं. पुस्तक होतंच माझ्याकडे. ती "हां" म्हणाली, दोनदा, स्वतःशीच.

ओट्यावर कुणीतरी खोकलं. तिनं पटकन परातीवर हात फिरवला आणि भाकरी थापायला घेतली.

परत येताना नावेत विचार करत होते. ज्या घरासमोर उभं राहायलाही मला नको वाटतं, त्या घराच्या चुलीपाशी बसून मी पाठ घेतला. राग यावा का हसू, समजलं नाही. घरी आल्यावर नागनाथला म्हटलं, नाही सोडत.

मंगळवार, २ एप्रिल

डोसाच्या निमित्तानं पुन्हा गेले. चतुराबाईनं निबंधाचा पाठ सांगितला. सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा. मग म्हणाली, "पर ज्याला लिहायचंच काय न्हाई त्यानं काय करावं, हे न्हाई सांगितलं." आम्ही दोघी हसलो. सासूनं आतून विचारलं, काय झालं गं. "काय न्हाई, लेकरू शिंकलं."

आता मी तिला चतुरा म्हणते. ती मला बाईच म्हणते.

शुक्रवार, १२ एप्रिल

ऊन. नुसतं ऊन. पुस्तक उघडलं नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

दिनकरराव आज आपणहून माझ्याशी बोलले. चतुरा त्यांच्यामागं उभी, पदर तोंडापर्यंत.

"नर्सबाई, सुनेला जिंतूरच्या दवाखान्यात दाखवून आणा. पोट दुखतंय म्हणती. आन धाकट्या पोरीनंतर पुन्हा दिवस ऱ्हायले न्हाईत. आमाला नातू पाहिजे." जरा थांबून, "तुमच्याबिगर दुसऱ्या कुणासंगं धाडणार न्हाई," म्हणाले. हा मान समजायचा का काय.

कधी नेऊ, विचारलं. मागून चतुरा म्हणाली, "पुढच्या शुक्कीरवारी."

पुढच्या शुक्रवारी माझा पहिला पेपर, जिंतूरलाच. ते निघून गेल्यावर तिला तसं सांगितलं — दुसरा कुठलाही दिवस सांग, नेते. तिनं माझं मनगट धरलं. "त्याच दिवशी न्या, बाई. पुन्यांदा घराबाहेर सोडणार न्हाईत."

मला खरंच राग आला. वर्षातले दोन दिवस मी स्वतःसाठी ठेवले होते, त्यातही हिचं पोट. पण दुखणंही खरं असेल. तिला दवाखान्यात बसवून पेपरला जायचं, असं ठरवलं. तेवढं जमेल.

गुरुवार, २५ एप्रिल

काही लक्षात राहत नाही. संध्याकाळी नागनाथ पुस्तक घेऊन समोर बसला आणि प्रश्न विचारत गेला. इंग्रजी शब्दांना अडखळत होता. मी उत्तर चुकले की तोच खट्टू होत होता. उद्या रजा टाकून येऊ का म्हणाला. नको म्हटलं, आधीच एक पाहुणी सोबत आहे.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळच्या गाडीनं जिंतूरला उतरलो. दवाखान्याकडं वळले तर चतुरा म्हणाली, "तुमी जावा बाई. माझा भाऊ यायलाय." तिचं माहेर तिथलंच. मला सुटल्यासारखं झालं. गेले.

वर्गात जागा शोधून बसले. पुढच्या बाकावर एक बाई पाठमोरी. पदर खांद्यावर, केसांत फूल नाही. तिनं मागं वळून पाहिलं — चतुरा. पोट दुखत नव्हतं. कधीच दुखत नव्हतं. भावानं तिचं नाव घातलं होतं, माझ्याच परीक्षेला.

पेपर सुटल्यावर बाहेर आली, बोटं शाईनं भरलेली. "दुसरा पेपर उद्या हाय, बाई. घरी काय सांगायचं?" गाडीत बसताना तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

येलदरीच्या थांब्यावर दिनकरराव उभे होते. "काय म्हणला डॉक्टर?"

आज पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "तपासणी अर्धीच झालीय. उद्या परत न्यावं लागेल."