वॉल्टरची अँग्लिया चालवण्याआधीची निरवानिरव

मी, एनिड मार्गारेट स्केल्टन, वय त्रेसष्ट, कै. क्लिफर्ड स्केल्टन यांची पत्नी, राहणार ड्रोव्ह एंड, सॉल्टर्स बँक, लिंकनशर, आज आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे की कोणाच्या धाकाने नव्हे. माझे डोके ठिकाणावर आहे. घाबरलेली मात्र मी आहे, आणि ते लपवले तर पुढचा मजकूरही खरा वाटणार नाही. वकिलांना विचारून घेतले आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते, वेड्याचे चालत नाही.

येत्या सोमवारी, ईस्टरच्या सुट्टीत, गावाबाहेरच्या ट्रॅकवर मी आमच्या मोटार-शर्यतींच्या क्लबमधले कै. वॉल्टर पिंचबेक यांची जुनी फोर्ड अँग्लिया गाडी शर्यतीत चालवणार आहे. त्यातून परत आले नाही तर खालीलप्रमाणे व्हावे. परत आले तरी पुढेमागे हेच व्हावे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्दबातल समजावे. त्यात सगळे क्लिफर्डला दिले होते आणि तोच आधी गेला.

कलम १. राहते घर, मागच्या बागेसह, माझी मुलगी ब्रायोनी हिला. ती लीड्सला असते. विकायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी, नाहीतर हातात येते.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिचेच. माझ्या अंत्यविधीनंतरच्या चहाला हॉटेलातले सँडविच नकोत. ट्रॅकवर बटाट्याचे चिप्स आणि सॉसेज तळणारी गाडी असते, ती बोलवावी. लोकांना उभ्याने खाता येते आणि उगाच गंभीर चेहरे करावे लागत नाहीत.

कलम ३. शेडमधली सर्व अवजारे क्लबला. नट आवळायचे पाने जुन्या मापाचे आहेत, आजच्या गाड्यांना बसत नाहीत, म्हणून बाहेर कोणाला त्यांचा उपयोग नाही. आमच्याकडे आहे. आमच्या शर्यतीचा नियम पहिल्यापासून एवढाच की गाडी जुनी असावी आणि साध्या माणसाच्या पगारात बसावी. जुनी मॉरिस, ऑस्टिन, अँग्लिया आणायची, आतले सगळे उपसून काढायचे, लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि कोबीच्या शेतांमधल्या त्या लंबगोल डांबरावर डावीकडे वळत राहायचे. क्लिफर्ड म्हणायचा, "श्रीमंत माणूस हरला तर कंटाळतो. आपण हरलो तर सोमवारी दुरुस्त करतो."

कलम ४. माझे दीर डेस्मंड स्केल्टन यांनी क्लिफर्डच्या दफनाच्या दिवशी, अंगावरचा काळा कोटसुद्धा न उतरवता, मला विचारले होते, "वहिनी, शेडमधल्या लेथ मशीनचं काय करणार आहात?" त्यानंतर पबमध्ये त्यांनी सांगितले की बाईमाणसाला वळण कळत नाही, क्लिफर्डची मॉरिस त्यांच्याकडे आली तरच तिचे सोने होईल. त्याच मोसमात मी तीच मॉरिस चालवून त्यांना शर्यतीत दोनदा मागे टाकले. ते माझ्या बाजूने विसरले गेलेले नाही आणि त्यांच्या बाजूनेही नाही. सदर डेस्मंड यांना मी या मृत्युपत्राचा साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. सहीपुरते शेवटचे पान त्यांना दाखवले जाईल.

कलम ५. मॉरिस मायनर. क्लिफर्डने दोन हिवाळे खपून बांधलेली ही गाडी माझ्या पश्चात कोणालाही देऊ नये, विकू नये, संग्रहालयातही ठेवू नये. भंगारवाल्याला बोलावून ब्रायोनीच्या डोळ्यांदेखत तिचे तुकडे करून घ्यावेत.

हे असे का, ते लिहून ठेवणे मला भाग आहे.

गेल्या सप्टेंबरात, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, मी वॉल्टरच्या मागे होते. बटाट्याच्या शेताकडच्या वळणावर त्याचे पुढचे चाक निखळले. मी ते उडताना पाहिले. अँग्लिया सरळ गेली, जिथे सरळ जायला जागा नव्हती, आणि भिंतीवर आदळली. लाल झेंडे वर झाले. मीच सगळ्यांत जवळ होते. माझा पट्टा कसा सुटला आठवत नाही. मी खिडकीतून आत हात घालून त्याचे डोके धरले. रक्त कुठेच नव्हते. त्यामुळे मला वाटले, वाचला.

"कोण गं?" त्याने विचारले.

"एनिड."

"दिवे गेले का?"

लख्ख दुपार होती. मी म्हणाले, "हो. येतील इतक्यात."

"मग बोलत राहा. अंधारात मला नाही बरं वाटत."

मी बोलत राहिले. माझ्या घेवड्यावर गोगलगायी पडल्या होत्या, त्यांचे सांगितले. त्यांना मारायला मीठ टाकू की बुडायला बिअरची बशी ठेवू, असे विचारले. तो म्हणाला, "बिअर." मग मी बोलत होते आणि तो काही म्हणत नव्हता. अँब्युलन्सची माणसे छप्पर कापत होती तरी मी गोगलगायींबद्दलच बोलत होते. शेवटी एकाने माझा हात सोडवला.

चौकशीत कोणाचा दोष निघाला नाही. लोखंड जुने होते, थकले होते.

तेव्हापासून मी दिवा मालवून झोपत नाही. हेल्मेट डोक्यावर घेतले की कानात माझाच श्वास ऐकू येतो आणि मी ते काढून ठेवते. स्पाल्डिंगला सामान आणायलासुद्धा मी बसने जाते. मॉरिसच्या शेडचे दार उघडताना मी मान फिरवते. तिच्या पुढच्या चाकांचे लोखंडही तितकेच जुने आहे. ती भीती मला माझ्या मुलीच्या दारात उभी करायची नाही.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वॉल्टरची पत्नी ओलिव्ह पिंचबेक हिने करावी. मी त्या अँग्लियात बसणार आहे ती तिच्यामुळे, म्हणून हा त्रास तिनेच काढावा.

क्लबच्या लोकांनी हिवाळ्यात अँग्लिया सरळ केली, चारही चाकांखाली नवे लोखंड घातले. मग ओलिव्ह माझ्याकडे आली. कोट न काढताच बसली.

"ईस्टरला वॉल्टरच्या नावाची शर्यत ठेवलीय. गाडी तू चालव."

"मी नाही. माझे हात थरथरतात, ओलिव्ह. मी बसनं हिंडते हल्ली."

"माहितीय. अख्ख्या गावाला माहितीय."

"मग डेस्मंडला सांग. तो टपूनच बसलाय."

"डेस्मंड घाबरत नाही. न घाबरणाऱ्याच्या हाती मी वॉल्टरची गाडी नाही देणार."

"आणि मला काही झालं तर?"

ओलिव्हने चहाचा कप बाजूला सारला. इतक्या वर्षांत तिने एकही शर्यत पाहिलेली नाही. ट्रॅकवर यायची, पण तिकिटांच्या खोपटात शर्यतीकडे पाठ करून बसायची. गाड्या थांबल्या की वळायची. सप्टेंबरात ती वळली तेव्हा मी त्याच्या खिडकीशी वाकलेली तिला दिसले.

"तर मी धावत येईन," ती म्हणाली, "आणि बोलत राहीन."

यावर नाही म्हणणे मला जमले नाही. हो म्हटल्यापासून अन्न गोड लागत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

एनिड मा. स्केल्टन
साक्षीदार: डेस्मंड स्केल्टन, दीर; नोरा विंटरटन, शेजारीण
सॉल्टर्स बँक, गुरुवार, २९ मार्च २०१८

पुरवणी

मी, वर नमूद केलेली एनिड स्केल्टन, परत आले आहे. वरील मृत्युपत्रात पुढील बदल करते.

सकाळच्या पावसाने डांबर ओले होते. हेल्मेटची काच आतून धुरकटत होती. माझ्या डाव्या पायाला असा कंप सुटला होता की तो क्लचवर ठरेना. बटाट्याच्या शेताकडचे वळण आले की प्रत्येक फेरीला मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. एकदाही न उचलता गेले नाही. सगळे मला ओलांडून गेले, काही पुन्हा ओलांडून गेले, आणि कोणीही मला घासले नाही. मला कसले धैर्य आले नाही. शेवटच्या फेरीला मी पहिल्या फेरीपेक्षा जास्त घाबरले होते, कारण शर्यत संपत आली होती. मी सर्वांत शेवटी आले.

गाडी थांबली तरी माझी बोटे स्टिअरिंगवरून सुटेनात. ओलिव्हने खिडकीतून हात घालून ती एकेक करून सोडवली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाहिलीस शर्यत?" मी विचारले.

"सगळी. परत कधी पाहणार नाही."

ब्रायोनीला कोणी कळवले ते ठाऊक नाही. ती लीड्सहून थेट ट्रॅकवर आली होती. घरी आल्यावर तिने टेबलावरचे हे कागद उचलले आणि उभ्यानेच वाचले. मी किटली ठेवली.

"मॉरिस तोडायची? आणि मी उभी राहून बघायची?"

"तुला तिच्यात बसायची भीती नाही वाटत?"

"वाटते की. लहानपणापासून वाटते. तू आणि बाबा ट्रॅकवर असायचात तेव्हा मी उशीत तोंड घालून पडायचे. तुला कधी सांगितलं नाही, एवढंच." मग ती खाली बसली. "पण ती बाबांनी केलेली आहे, आई. चालवायची की नाही ते माझं मी बघेन. तू मला विचारायचं तरी होतंस."

मला हे माहीत नव्हते. मी तिला जी भीती देऊ नये म्हणून लोखंड तोडायला निघाले होते, ती तिच्याकडे कधीचीच होती.

सबब कलम ५ रद्द. मॉरिस मायनर ब्रायोनीला, जशी आहे तशी, कोणत्याही अटीविना. पुढच्या चाकांचे लोखंड मी या महिन्यात बदलून घेते आहे. ती अट नव्हे, ते माझे काम आहे. मी स्वतः यापुढे शर्यतीत उतरणार नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. बाकी कलमे, चौथे धरून, जशीच्या तशी राहतील.

गुरुवारच्या सहीपेक्षा ही सही वाकडी आली आहे. उद्या कोणी शंका काढू नये म्हणून लिहून ठेवते: हात अजून थरथरतो आहे. सही माझीच आहे.

एनिड मा. स्केल्टन
साक्षीदार: डेस्मंड स्केल्टन, नोरा विंटरटन
सॉल्टर्स बँक, मंगळवार, ३ एप्रिल २०१८