चौदा सरक्यांचे ढीग

देवळी, ता. १० जून १९५७

चि. प्रेमदास यास ताईचा जयभीम व अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड येत नाही म्हणजे तू मजेत, असं आई म्हणते. मी मात्र मजेत नाही. आठ दिवस जीव थाऱ्यावर नाही.

पेरणीच्या सरकीतल्या चार सरक्या घे आणि ढीग कर. चारांचा एकच, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन-एक-एक, नाही तर चारही सुट्या. पाच तऱ्हा झाल्या. ढीग मागेपुढे ठेवले तरी तऱ्हा तीच. नऊ सरक्यांच्या तीस होतात, त्या मी एकटीनं कागदावर केल्या. मला वाटलं, आणखी पाच सरक्या वाढवल्या की उत्तराला पुन्हा पाचानं भाग जाणार. म्हणून चौदा घेतल्या. आई ढीग मांडत गेली, मी मान खाली घालून उतरवत गेले. चार दुपारी गेल्या आणि आले एकशे एकोणीस, पाचानं भागच जात नाही! भाजी करपली ती वेगळीच. बाबांनी मुकाट्यानं खाल्ली.

तुझ्या गणिताच्या सरांना विचार ना. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरात बसलेय. कॉलेज नाही तर निदान हे तरी कळू दे. पत्राचा कंटाळा कर, बहिणीचा करू नकोस.

तुझी ताई
सुलोचना

नागपूर, ता. १५ जून १९५७

ती. ताईस सा. जयभीम. वि. वि.

सरांना पत्र दाखवलं. ते हसले नाहीत, म्हणून मीच घाबरलो. तुझा पाचाचा नियम खरा आहे म्हणाले, पण तो पुस्तकात केव्हाच सिद्ध झालाय. रडू नकोस, पुढचं वाच. चौदाचं उत्तर एकशे पस्तीस. पुस्तक न पाहता जिला हे दिसलं तिनं घरी बसू नये, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या तऱ्हांची तुझ्या हातची यादी पुढच्या शनिवारी, ता. २२ ला मिळाली, तर तुझ्या प्रवेशासाठी ते स्वतः प्राचार्यांना भेटतील. अर्जाची मुदतही त्याच दिवशी संपते.

सोळा कमी पडतात. जुन्यातल्याच उलटसुलट करून घाल. एवढं कोण तपासतं? चिडलीस तरी लोभ आटू नये, आणि आईच्या हातची जवसाची चटणी यावी.

तुझा
प्रेमदास

देवळी, ता. १९ जून १९५७

चि. प्रेमदास यास जयभीम व अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

चिडलेच. तुझी युक्ती तुझ्या परीक्षेला ठेव.

पत्र आल्यापासून घरातून अंगणात, अंगणातून घरात, एवढंच चाललं होतं. शेवटी यादी ढिगांच्या संख्येप्रमाणे लावली. दोन ढिगांच्या सात, चार ढिगांच्या तेवीस, आणि तीन ढिगांची एकही नाही!

आईला विचारलं. तर म्हणे, तुह्या शिक्षणाचं काम, त्यात तीन ढीग कोनी ठेवते काय बाई? तीन तिगाडा, काम बिगाडा. तीन झाले की ती गुपचूप मोडून टाकायची. दसऱ्याला दीक्षा घेतली, देव्हारा रिकामा केला, पण हाताची सवय तशीच राहिली. मी खूप बोलले तिला. मग माझ्यासाठीच केलं म्हणून रडूही आलं.

बाबा म्हणाले, आपन सरन किती जागी जातो? बुद्धाले, धम्माले, संघाले. तीनच न? मग आईनंच सरकी पुढे ओढली आणि बारा, एक, एक असे ढीग मांडले. सोळाच्या सोळा तिनंच मांडल्या. एकशे पस्तीस भरल्या रे!

यादी पोस्टानं पाठवत नाही, शुक्रवारच्या मोटारीनं घेऊन येते. मी आणि बाबा निघणार होतो. तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये, म्हणून आईनं जन्मभर कुणाला ना कुणाला मागे ठेवलं, बहुतेक स्वतःलाच. या वेळी लुगडं धुऊन वाळत घातलंय आणि म्हणते, मीबी येतो, तिघंच जाऊ.

स्टँडवर ये. आम्हा तिघांवर माया असू दे.

तुझी ताई
सुलोचना