पाकिटावरची सही

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, भोंगीच्या पिशवीतून येतंय. म्हणजे ते तुझ्या हातात पडेल तेव्हा माझी लेक तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला आत घे, कडी लाव आणि मग पुढचं वाच.

रेडिओवर काय झालं ते तू ऐकलंच असशील. संध्याकाळच्या बातम्या तिच्याकडे होत्या. ऐनवेळी तिच्या पुढ्यात कागद आला, की जनतेच्या आग्रहावरून निवडणुका बेमुदत पुढे ढकलल्या आहेत. तिने तो नीट वाचला. फक्त वाचण्याआधी एवढंच म्हणाली, की पुढचं वाक्य आम्हाला वाचायला दिलेलं आहे. बस. यांच्या हातातला घास हातातच राहिला.

तुझीच शिकवण, ताई. लहानपणी ती कुणाची तरी चहाडी घेऊन धापा टाकत यायची आणि तू दारातच अडवायचीस, की कोण म्हणालं ते आधी सांग, काय म्हणालं ते मग. कोर्टात लोकांच्या साक्षी टिपून टिपून तुला ती सवय लागली आणि तू ती माझ्या पोरीला लावलीस. मी दोष देत नाही. म्हणजे थोडा देते.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी दंडाला पट्टी बांधलेले दोघे बसले होते. तिथल्या ध्वनिमुद्रणवाल्याने तिला वेळेवर कळवलं, म्हणून ती गेली नाही. मग ते घरी आले. ती शेजारी लपली होती. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट यांच्या औषधाच्या दुकानाची चौकशी केली, धंदा कसा आहे म्हणून. ते जाताच मी तिची पिशवी भरायला घेतली.

एकच मागणं आहे. टपालाने तिच्याविषयी एक अक्षर लिहू नकोस आणि कुणाशी भांडायला जाऊ नकोस. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. निदान गप्प बस.

माझ्यावर लोभ नेहमीचाच असू दे, आणि तिच्यावर सध्या माझ्या वाटणीचाही.

तुझी,
धाकटी

---

७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक कानउघाडणी उधार.

निरोप पोचला. तू सांगितलंस, लिहू नकोस, म्हणून मी लिहीत नाही. फक्त एवढंच कळवते, की हल्ली माझ्याकडे गरम पाणी फार लवकर संपतं.

पण गप्प बस हे तू मला सांगावंस? बोर्डिंगमधले शनिवार आठव. पत्रं लिहायची आणि पाकीट उघडं ठेवून मदरच्या टेबलावर ठेवायची. ती वाचणार, मग चिकटवणार. त्यामुळे सगळ्या मुलींच्या घरी एकच पत्र जायचं, की मी इथे सुखात आहे, जेवण चांगलं आहे, सर्व जण प्रेमळ आहेत. बाबा म्हणायचे, थोरलीने जेवणाची स्तुती केली की समजावं, पोर रडते आहे. शाळा सुटली त्या दिवशी आपण दोघींनी शपथ घेतली, की यापुढे उघडं पाकीट जन्मात टाकायचं नाही. चिकटवायचं आणि जोडावर सही ठोकायची. ती शपथ मी या वयात मोडणार नाही. कुणाच्या दंडाला पट्टी असो नाहीतर डोक्याला.

आता इथली खबर. कोपऱ्यावरच्या पाववाल्याने पट्टी बांधली आहे. काल त्याने मला पाव देण्याआधी ओळखपत्र मागितलं. मी त्याला विचारलं, की पावाला माझी ओळख कशाला हवी, तो काही माझ्याशी सोयरीक करणार आहे का. रांगेत कुणी हसलं नाही. आधी पोट धरून हसले असते. दुसऱ्या मजल्यावरचे न्यायाधीश, ज्यांच्याशी जिन्यातल्या दिव्यावरून माझं वर्षानुवर्षं वाजलं, ते काल समोर आले आणि हवा छान आहे म्हणून पुटपुटले. दिवा गेलेलाच होता. भांडले असते तर मला झोप लागली असती.

काळजी करू नकोस. देश काही एका कागदाने बुडत नाही. लोभ ठेव, आणि ठेवायला जमत नसेल तर उत्तर तरी पाठव.

तुझी,
ताई

---

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक. यांच्या दुकानात गिऱ्हाईक बरं आहे, झोपेच्या गोळ्या आणि पित्ताचं औषध पुरत नाही. ते सद्गृहस्थ पुन्हा येऊन गेले. मला बहिणी किती आणि कुठे असतात, ते त्यांनी आपुलकीने विचारलं.

ताई, तुझ्या पाकिटावरची सही या वेळी जुळत नव्हती. वरचं अर्धं एकीकडे, खालचं एकीकडे. तुझा हात थरथरत असणार. वय झालं आता आपलं. डोळ्यांना आणि हाताला विश्रांती द्यावी, पत्रं कमी लिहावीत, असं मला फार वाटतं. फार म्हणजे फारच. आणि पाणी गरम असो की गार, ते कळवण्यासारखी गोष्ट नाही.

रागावू नकोस. लोभ आहे म्हणूनच लिहिते.

तुझी,
धाकटी

---

१६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद, पण या वेळी मोजून मापून.

माझा हात थरथरतो? जो हात न्यायाधीशांच्या जांभया सोडून कोर्टातला प्रत्येक शब्द टिपत होता, तो? मी रागाने तुझं पाकीट पुन्हा उजेडात धरलं. बाई गं, तुझीही सही दोन तुकड्यांत! मधे डिंकाचे गोळे. दोन बहिणींचे हात एकाच जागी थरथरत नाहीत. आपली पत्रं कुणीतरी वाफेवर धरून उघडतं आहे, आणि तेही गबाळेपणाने.

मी लगेच पायात चपला घातल्या आणि टपाल कचेरी गाठली. दुसऱ्याचं पत्र उघडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. मी या कायद्याखाली माणसं शिक्षा होऊन जाताना पाहिली आहेत. पोस्टमास्तरांना पाकीट दाखवलं. त्यांनी ते बघितलं, मग दाराकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, की बाई, घरी जा. मी म्हटलं, सल्ला नको, तक्रार घ्या. संपूर्ण नाव, पत्ता, पुरावा म्हणून पाकीट जोडलेलं, खाली माझी सही. त्यांनी शिक्का मारला तेव्हा हात कुणाचा थरथरत होता ते तू बघायला हवं होतंस.

सगळ्यांनी माना खाली घातल्या म्हणूनच यांचं फावतं, धाकटे. कुणी एकाने तरी विचारायला नको का? कायदा अजून आहे. कुणी रद्द केल्याचं मी वाचलेलं नाही.

घरी येऊन हे सगळं ऐटीत सांगितलं, तर कौतुक राहिलं बाजूला, चेहरा पांढराफटक. तुम्हा मायलेकींना माझी किंमतच नाही.

असो. लोभ कमी झाला असेल तर भर घाल, मी वाट बघते.

तुझी,
ताई

(सही दोनदा केली आहे. बघू आता कशी जुळवतात.)

---

२१ मार्च

धाकटे,

खालची शिवणवाली माल आणायला तुमच्याकडे येते आहे, तिच्या हाती हे देते. वाचून जाळ.

परवा दुपारी दार वाजलं. एकटाच होता. दंडाला पट्टी नाही, इस्त्रीचा शर्ट, हातात माझी तक्रार. टपालाच्या तक्रारीची चौकशी करायला आलोय म्हणाला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्याला बसवलं, चहा दिला, वर त्याचं कौतुक केलं, की बघा, अजून कुणी तरी काम करतं आहे. तो नम्रपणे ऐकत होता. भोंगी आत न्हाणीघरात होती, नळ बंद करून.

त्याने पाकीट कसं आलं ते विचारलं, कुणाचं होतं ते विचारलं. मग कप खाली ठेवून, अगदी सहज, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो म्हणून, त्याने विचारलं, की या घरात आणखी कोण राहतं.

धाकटे, मी आयुष्यभर लोकांना सहज खोटं बोलताना ऐकलं. शपथ घेऊन, डोळ्याला डोळा भिडवून. माझी बोटं ते खोटं टिपत राहिली आणि मी मनात त्यांना नावं ठेवत राहिले. मला दोनच शब्द म्हणायचे होते, की कुणी नाही. ते सोडून मी साखरेच्या डब्याकडे बघत बसले. त्याला घाई नव्हती.

मग न्हाणीघराची कडी वाजली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. भोंगी बाहेर आली आणि त्याला म्हणाली, की मावशीला विचारू नका, तिला खोटं बोलता येत नाही.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. लहानपणी माझी ओळख करून देताना सगळ्यांना सांगायची ना, त्याच स्वरात म्हणाली. तो उठून उभा राहिला. तिला स्वेटर घेऊ दिला. उरलेला चहा संपवला. चहा वाया घालवला नाही त्याने. जाताना मला म्हणाला, की तुमची तक्रार निकाली निघाली असं समजा.

मी जिन्यापर्यंत धावले. न्यायाधीशांचं दार किलकिलं होतं. मी हाक मारली, तसं ते लागलं, आणि आतून साखळी सरकल्याचा आवाज आला. इतकी वर्षं तो माणूस कायद्याची कलमं तोंडपाठ म्हणायचा.

मी दोन ठाण्यांत जाऊन आले. अशी कुणी मुलगी आणलेलीच नाही म्हणतात. तिचा कंगवा इथे आहे. तिने अर्धी घडी घातलेली चादर इथे आहे. तू सरळ सरळ सांगत होतीस, आणि मी हाताच्या थरथरीवर रुसले.

मला शिव्या दे. मी तुझ्या जागी असते तर दिल्या असत्या. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

ताई

---

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या देणार होते. कागद घेऊन बसले की तुझ्याऐवजी तिचा चेहरा यायचा आणि लिहिणं राहायचं. पण आता लिहिते, कारण आम्ही तिचा आवाज ऐकला!

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी यांनी सवयीने रेडिओ लावला, आणि भोंगी! तीच बातम्या देत होती. हे दुकानाचं शटर अर्ध्यावर सोडून आत आले आणि रेडिओवर हात ठेवून रडले. जिवंत आहे, ताई. कुठे ठेवली आहे, काय खाते, रात्री घरी का येत नाही, काही कळत नाही, पण जिवंत आहे. त्यानंतर रोज ऐकतो. सगळीकडे शांतता आहे, लोक समाधानी आहेत, न्यायालयं दुरुस्तीसाठी बंद आहेत, असं सगळं वाचते. आवाज जरा बारीक झालाय.

पण एक गोष्ट विचारायची होती. प्रत्येक बातमीच्या आधी ती थांबते. थोडीशीच. एक छोटं वाक्य बोलायला लागेल तेवढी. पहिल्यांदा मला वाटलं, रेडिओ बिघडला. हे म्हणतात छाती भरली असेल, खोकल्याचं औषध पाठवायला हवं, पण कोणत्या पत्त्यावर? मला मात्र ते औषधाचं दुखणं वाटत नाही. तिच्या त्या रिकाम्या जागेत मला काहीतरी ऐकू येतं, त्या संध्याकाळी ऐकलं होतं तसलंच. तुझा कान तयार आहे. तूही ऐकलंस का? मला वाटतं तेच तुला वाटतं का? लगेच लिही, नाहीतर मला वेड लागेल.

सही जोडावर दाबून केली आहे, अगदी आपल्या जुन्या पद्धतीने. लोभ गेला नव्हता, घाबरून कुठे तरी बसला होता.

तुझी,
धाकटी

---

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी इथे सुखात आहे. जेवण चांगलं आहे. सर्व जण प्रेमळ आहेत.

आमच्याकडे नवीन पोस्टमास्तर आले आहेत. तरुण आणि तत्पर आहेत. जुने कुठे गेले ते ठाऊक नाही, चौकशी करण्याचं कारणही नाही. पाववाला सकाळी नमस्कार करतो, मीही करते. ओळखपत्र मी आता स्वतःहून दाखवते, त्यामुळे रांग लवकर सरकते.

भोंगीच्या बातम्या रोज ऐकते. फार सुंदर वाचते. तुझं पत्र आल्यावर मुद्दाम रेडिओशी कान लावून बसले. धाकटे, ती कुठेही थांबत नाही. एका बातमीतून दुसऱ्या बातमीत सरळ जाते, मधे कसलीही रिकामी जागा नाही. मी आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकून टिपलं आहे आणि मला खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव. तुझे कान गेले आहेत. वयाने होतं असं. दाखवून घे, आणि तोवर हे पुन्हा कुणाजवळ बोलू नकोस. त्यांनाही सांग. लोक हसतील.

माझ्या हाताबद्दल तू म्हणाली होतीस ते मात्र खरं निघालं. थरथरतो. जोडावर सही करायला गेले तर नुसती गिचमिड होते, म्हणून आता ते सोडून दिलं आहे. डिंकही आणायचा राहिला. पाकीट उघडंच टाकते आहे. कुणाची हरकत नसावी.

बातम्यांची वेळ झाली. लोभ आहे, तो न बोलता तसाच राहू दे.

तुझी,
ताई